पडत्या धंद्यांतील स्वस्त भाग : दोन अमेरिकन उदाहरणे

ज्या धंद्याकडे बाजाराने पाठ फिरविली आहे, त्यातील कंपनीचा भाग मालमत्तेच्या मानाने स्वस्त मिळत असेल, तर तो किफायतशीर समजावा काय? बेंजामिन ग्रॅहम व डेव्हिड डॉड यांच्या १९३४ सालच्या रोखे-विश्लेषणविषयक ग्रंथाने या प्रश्नाच्या विचारास शिस्त आणली. चालू मालमत्तेतून सर्व देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेहूनही भागाची किंमत कमी असेल, तर तो घेण्याजोगा मानावा, हे ग्रॅहम यांचे प्रसिद्ध सूत्र होय. त्याचे सामर्थ्य व मर्यादा पुढील दोन घटनांत दिसून येतात.

पहिली घटना नॉर्दर्न पाइप लाइन या तेलवाहू कंपनीची. १९११ साली स्टँडर्ड ऑइलचे विभाजन होऊन ती स्वतंत्र झाली होती. १९२६ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडील कागदपत्रांवरून ग्रॅहम यांना आढळले की, ६५ डॉलरच्या प्रत्येक भागामागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे व अन्य रोकडसुलभ मालमत्ता आहे. व्यवस्थापकांनी ती वाटून देण्यास नकार दिला. तेव्हा भागधारकांची मुखत्यारपत्रे मिळवून ग्रॅहम यांनी १९२८ मध्ये संचालक मंडळात दोन जागा जिंकल्या. पुढे कंपनीने दर भागास ७० डॉलर परत केले.

दुसरी घटना न्यू इंग्लंडमधील बर्कशायर हॅथवे या कापडगिरणीची. ग्रॅहम यांचे शिष्य वॉरन बफे यांनी १९६२ च्या अखेरीस तिचे भाग साडेसात डॉलरच्या सुमारास घेण्यास आरंभ केला आणि १९६५ मध्ये कंपनी ताब्यात घेतली. त्या वर्षअखेर दर भागामागे निव्वळ खेळते भांडवल १९ डॉलर होते. सूत्रानुसार खरेदी निर्दोषच होती. परंतु गिरणी चालू ठेवल्याने नव्या यंत्रांसाठी भांडवल लागत राहिले, आणि प्रतिस्पर्धीही तशीच यंत्रे आणीत असल्याने बचतीचा लाभ ग्राहकांकडेच गेला. १९८५ मध्ये कापडविभाग बंद झाला. मूळ सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्चून घेतलेल्या यंत्रसामग्रीस लिलावात अवघे १,६३,१२२ डॉलर आले. कंपनीची भरभराट झाली ती विम्यासारख्या अन्य धंद्यांत भांडवल वळविल्यामुळे. १९६७ मधील विमा कंपनीची खरेदी ही त्याची सुरुवात.

तात्पर्य, दोन्ही भाग स्वस्तच होते. भेद इतकाच की, पहिल्या ठिकाणी मालमत्ता धंद्यातून सोडवून भागधारकांच्या हाती आली. दुसऱ्या ठिकाणी तिचा काही अंश धंद्यानेच गिळला. म्हणून ताळेबंदातील मूल्य अभ्यासताना, ते कोणाच्या ताब्यात आहे आणि केव्हा मोकळे होईल, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानेही प्रथम विचारला पाहिजे.