तोतरेपणा : दोष जिभेचा, आईचा की मेंदूचा?

बंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेच्या नावात दोन शास्त्रे शेजारी शेजारी बसली आहेत : मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान. १९५४ साली सुरू झालेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ आणि तेथील जुने मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली ही संस्था आकाराला आली. तिच्यात वाचा व श्रवण यांचा स्वतंत्र विभाग आहे. अशा विभागांत येणाऱ्या तक्रारींपैकी एक तक्रार यांपैकी कोणत्या शास्त्राच्या दारात न्यावी, हे ठरवण्यात विसावे शतक खर्ची पडले. ती तक्रार म्हणजे तोतरेपणा.

तोतरे बोलणे आणि बोबडे बोलणे यांत फरक आहे. बोबड्या बोलण्यात उच्चार बदलतो. तोतरेपणात शब्द व अर्थ ठाऊक असूनही उच्चाराचा ओघ अडतो. अक्षराची पुनरावृत्ती होते, स्वर लांबतो किंवा आवाजच फुटत नाही. साधारण पाच टक्के मुलांमध्ये हे कधी ना कधी दिसते. बहुतेकांचे बोलणे पुढे सुरळीत होते. प्रौढांत हे प्रमाण सुमारे एक टक्का उरते आणि त्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या कितीतरी पट असते.

या विकाराचे कारण माणसाने सर्वांत आधी मुखात शोधले. महाराष्ट्रात मुलाची वाचा सुधारावी म्हणून वेखंड चाटवण्याची रीत आहे. युरोपात याच समजुतीने क्रूर रूप घेतले. १८४१ साली बर्लिनचा शल्यविशारद डीफेनबाख याने तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी छेद घेऊन तुकडा कापून काढण्यास आरंभ केला. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची पद्धतही रूढ झाली नव्हती. सुश्रुतसंहितेने मात्र जिभेला दोषी न धरता शब्द वाहणाऱ्या धमन्या वात व कफ यांनी अडल्याचे म्हटले होते. आजचे शास्त्र ती भाषा बोलत नाही. पण बिघाड मुखात नसून वाहिनीत आहे, ही कल्पना त्या काळी विलक्षणच म्हणावी लागेल.

१९२०च्या दशकात अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठात ऑर्टन आणि ट्रॅव्हिस यांनी मेंदूकडे बोट दाखवले. वाणीवर मेंदूच्या एका अर्धगोलाची पुरेशी पकड नसेल तर बोलणे अडखळते, असे त्यांचे मत होते. परंतु तो मेंदू पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. पुढे त्याच विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांनी उलट बाजू मांडली. ते स्वतः तोतरे होते. लहान मुलाच्या स्वाभाविक अडखळण्याला आईवडील 'तोतरेपणा' असे नाव देतात, आणि त्या धास्तीतूनच विकार जन्मतो, असा त्यांचा सिद्धान्त. १९३९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने २२ अनाथ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना त्यांचे बोलणे सदोष असल्याचे वारंवार सांगण्यात आले. ती मुले खऱ्या अर्थाने तोतरी झाली नाहीत. पण बुजली, बोलण्याचे टाळू लागली. २००१ साली विद्यापीठाने या प्रयोगाबद्दल क्षमा मागितली. तोवर मात्र असंख्य आयांनी मुलाच्या अडखळण्याचा दोष स्वतःच्या माथी घेतला होता.

हा आरोप मेंदूच्या प्रतिमांनी सैल केला. १९९६ साली पेट स्कॅनच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात तोतरे बोलताना मेंदूच्या उजव्या भागातील हालचाल वाढलेली दिसली. २००२ साली डाव्या अर्धगोलातील वाणीशी संबंधित तंतूंच्या जोडणीतील फरक नोंदवला गेला. २०१० साली पाकिस्तानातील कुटुंबांपासून सुरू झालेल्या शोधातून पेशींच्या अंतर्गत विल्हेवाट-व्यवस्थेशी निगडित तीन जनुकांतील बदल पुढे आले. २०२५ साली दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून जनुकसंचातील ५७ स्थाने तोतरेपणाशी जोडली गेली. आता कोणा एका जनुकाला, तसेच कोणा एका आईला, दोषी ठरवता येत नाही.

उपचारांच्या इतिहासात याच आईवडिलांचे स्थान पालटले. सिडनीच्या लिडकोम येथे विकसित झालेल्या पद्धतीत पालकच घरी मुलाच्या सुरळीत बोलण्याला दाद देतात आणि उपचारतज्ज्ञ दर आठवड्याला मार्गदर्शन करतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ बालकांवरील चाचणीत तिचा लाभ स्पष्ट दिसला. प्रौढांसाठी संथ, लांबवलेल्या उच्चारांचा सराव केला जातो; त्याच्या जोडीला अडखळण्याची भीती कमी करण्यावर भर असतो. हमखास बरे करणारी गोळी अद्याप नाही.

बंगळुरूत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथील मराठी घरातले मूल घरात मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलते. ते अडखळू लागले की 'एक भाषा सोडा' असा सल्ला दिला जातो, आणि सुटते ती बहुधा घरची भाषा. अनेक भाषांमुळे तोतरेपणा उद्भवतो, हे सिद्ध झालेले नाही. मुलाची तपासणी त्याच्या सर्व भाषांत व्हावी, हेच शास्त्राला धरून आहे. जीभ कापून आणि आईला दोष देऊन जे साधले नाही, ते आजीची भाषा तोडूनही साधणार नाही.