तिसऱ्या पिनेची कुळकथा

विजेच्या प्लगाच्या तीन पिनांपैकी जी सर्वांत जाड आणि सर्वांत लांब, तिच्यातून नित्याच्या व्यवहारात वीज मुळी वाहतच नाही. खालच्या दोघी सारा भार वाहतात आणि तिसरी मात्र, एखाद्या वतनदाराप्रमाणे, काही न करता वरच्या मानाच्या जागी बसून असते, असा पाहणाराचा सहज समज होतो. आणि ज्या वर्धा जिल्ह्यात उन्हाचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो व घरोघर पाण्याने निथळणारा पत्र्याचा कूलर अहोरात्र चालतो, तेथे हा समज प्राणावर बेतणारा असल्यामुळे त्या पिनेची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

वीज घरात प्रथम आली ती दिव्यापुरती. भिंतीत सॉकेट असावे ही कल्पनाच तेव्हा रूढ नव्हती. इस्त्री तापवायची तर दिवा काढून त्याच्या होल्डरात जोड बसवायचा, ही पाश्चात्त्य देशांतली वहिवाट होती, आणि आपल्याकडील मांडवाच्या रोषणाईत ती अद्यापि पुरती मोडलेली नाही. हार्वे हबेल या अमेरिकी कारखानदाराने १९०४ साली ज्या प्लगाचे पेटंट मिळवले, तोही होल्डरातच फिरवून बसवण्याचा होता. नवलाई एवढीच की त्याचा पुढचा भाग ओढून वेगळा करता येई. इंग्लंडात भिंतीवरची सॉकेटे आली, पण ती दोन पिनांची. आणि उपकरणाच्या आतील तारेचे आवरण झिजून ती धातूच्या अंगाला टेकली, तर त्या अंगाला प्रथम हात लावणारा मनुष्य हाच विजेचा जमिनीकडे जाण्याचा मार्ग ठरे. तो मार्ग माणसाऐवजी तारेला नेमून द्यावा, वीज धो धो जमिनीत जाऊन फ्यूज उडावा आणि प्रवाह आपोआप तुटावा, ही तजवीज म्हणजे तिसरी, अर्थची पिन. ती लांब ठेवण्यातही योजना आहे : प्लग खोचताना संरक्षण आधी जोडले जाते, वीज मागाहून येते, काढताना क्रम उलटा. जाणता वायरमन प्लग उघडून तारा कसताना तिची हिरवी तार इतर दोघींहून किंचित सैल व लांब सोडतो, ती याच न्यायाने. कोणी दोरी हिसकलीच तर ती शेवटी सुटावी.

१९३४ साली ब्रिटिश मानकसंस्थेने ५४६ क्रमांकाचे मानक जारी करून गोल पिनांच्या प्लगांच्या २, ५, १५ आणि ३० अँपिअर अशा प्रती मुक्रर केल्या. पाचाच्या प्लगात कामाच्या पिनांमधले अंतर पाऊण इंच, पंधराच्यात एक इंच. आणि मौज अशी की धाकट्याची अर्थची पिन जेवढी जाड, तेवढ्याच जाडीच्या थोरल्याच्या कामाच्या पिना. हेतू हाच की पंधराचा प्लग पाचाच्या सॉकेटात चुकूनही जाऊ नये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे ठाणे झाली. तेथे वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप सिद्ध होत होता. परंतु विजेशी तेथील मंडळींचे वैर होते असे मात्र नव्हे. घरोघर वीज पोहोचली तर खेडुतांनी आपली अवजारे तिच्यावर चालवण्यास आपली हरकत नाही, मात्र वीजघरे गावाच्या किंवा सरकारच्या मालकीची असावीत, असे गांधीजींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मध्ये स्पष्ट लिहिले होते.

१९४७ साली इंग्रज गेले, आणि त्याच साली खुद्द इंग्लंडात गोल पिना मोडीत काढून चौकोनी पिनांच्या, पोटात फ्यूज असलेल्या प्लगाचे नवे मानक निघाले. आपण जुन्याशीच एकनिष्ठ राहिलो. भारतीय मानक १२९३ ने पाच-पंधराचे सहा-सोळा केले, एवढाच फरक. वायरमन अजूनही पाच-पंधराच म्हणतात.

आता कोठे कोणता प्लग, हा प्रश्न. २३० व्होल्टांवर सहा अँपिअरचा प्लग सुमारे १,३८० वॅट पेलतो आणि सोळाचा ३,६८० वॅट. म्हणून गीझर व एसी यांना थोरला, पंखा व मिक्सर यांना धाकटा. हा हिशेब सोपा आहे आणि घातकही, कारण त्याच हिशेबाने दोन-अडीचशे वॅटचा कूलर अगदी क्षुल्लक ठरतो आणि दोन पिनांच्या प्लगावर सुखाने चालतो. परंतु पत्र्याचे अंग, आत बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि पाणी भरायला आलेली अनवाणी बाई, हा योग थोरल्या गीझरच्याही वाट्याला येत नाही. माझ्या मते प्लगाची निवड वॅटवर करण्यापूर्वी त्या जागी कोण, कशा पायांनी उभे राहणार, हे पाहावे. महावितरण दर उन्हाळ्यात थ्री-पिनचा आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढण्याचा इशारा देते, तरी वरच्या भोकात आगपेटीची काडी खुपसून आतला पडदा उघडायचा आणि खालच्या भोकांत नुसत्या तारा कोंबायच्या, ही कला घराघरांत अवगत आहे.

आणि थ्री-पिन लावला म्हणजे काम संपले असेही नाही. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या मातीचा. ती ओली असताना वीज उत्तम सामावून घेते, पण वैशाखात भेगाळून अर्थिंगच्या नळीपासून सुटते. अडीच मीटरच्या नळीभोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात आणि तोंडाशी नाळके ठेवतात ते वरून पाणी ओतता यावे म्हणून. तेही कित्येक घरांत बांधकामाच्या दिवसानंतर कोरडेच राहते. अशा वेळी जमिनीचा विरोध चाळीस ओहमांवर गेला, तर दोषाच्या वेळी सहा अँपिअरदेखील वाहत नाहीत. सोळाचा फ्यूज शाबूत राहतो आणि कूलरचे अंग करंट मारीत राहते. म्हणून मीटरजवळ ३० मिलिअँपिअर वीज गळताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवावा, त्याचे चाचणीचे बटन अधूनमधून दाबून पाहावे, आणि चैत्रात कूलरच्या ताट्या बदलतानाच दोन बादल्या त्या नाळक्यातही ओताव्यात.