पाण्याची आगगाडी

आपल्या मंडळातील ज्या भगिनींनी २०१६ चा उन्हाळा लातुरात काढला, त्यांना त्याची आठवण करून देण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुली त्या वेळी पाळण्यात होत्या, त्यांच्यासाठी ही हकीकत नीट लिहून ठेवली पाहिजे. कारण ऐकीव गोष्टीत सारे श्रेय एकट्या आगगाडीला मिळते.

लातूरचे पाणी मांजरेचे. लागोपाठच्या अपुऱ्या पावसाने धनेगावचे धरण कोरडे पडले आणि पावणेचार लाखांहून अधिक वस्तीचे शहर नळाला पारखे झाले. मांजरेच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे ऊस वाढत गेला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. सगळा दोष आभाळाच्या माथी मारणे सोपे असते. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती कलम १४४ लागू झाले. दंग्याधोप्यासाठी असलेला हुकूम हंडे-घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना लागावा, यावरून काय ते समजावे!

पाणी शोधायचे तरी कोठे? डोंगरगावच्या बंधाऱ्याचे, माकणीच्या धरणाचे पाणी टँकरने आणले, विंधनविहिरी घेतल्या. शेवटी सुमारे ३४० किलोमीटरवरच्या मिरजेहून कृष्णेचे पाणी आणण्याचे ठरले. राजस्थानातील कोट्याच्या कारखान्यात वाघिणी वाफेने धुऊन घेतल्या. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनात आली. मिरजेस नवा नळ टाकल्यावर पन्नास वाघिणी, म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी, एका खेपेस येऊ लागले.

ही गाडी ज्या वाटेने आली, ती मुळात बार्शी लाईट रेल्वेची. अरुंद रुळांची ती चिमुकली गाडी १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस पोचली. तिचे रूळ रुंद करण्याचे काम कुर्डुवाडी ते लातूर २००८ पर्यंत व मिरजेकडे त्यानंतर पुरे झाले. दहा वर्षे आधी हा दुष्काळ पडता, तर या अवजड वाघिणी इकडे येऊच शकल्या नसत्या.

आता थोडा गृहिणीचा हिशोब. पंचवीस लाख लिटर शहराच्या माणसांत वाटले तर डोई साडेसहा लिटर पडतात. लहान घागरसुद्धा भरत नाही! स्वयंपाक, धुणे, भांडी, आजाऱ्याची आंघोळ, हे सारे उरलेल्या पाण्यावर निभवायचे. ते पाणी टँकरचे, बोअरचे आणि पुष्कळ घरांत विकतचे होते. भांडी धुतलेले पाणी बादलीत धरून त्यानेच मोरी धुण्याची युक्ती त्या वर्षी घरोघर रूढ झाली. गाडीने शहर तगले असे म्हणण्यापेक्षा गाडीने धीर दिला, असे म्हणणे अधिक खरे.

ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या व गाडी थांबली. सप्टेंबरच्या अखेरीस जोराचा पाऊस आला आणि मांजरा धरण भरले.

गुजरातेत राजकोटला १९८६ मध्ये अशीच गाडी पाणी घेऊन गेली होती. लातूरनंतर तीनच वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, जोलारपेटहून चेन्नईला पाण्याची गाडी निघाली. वाघिणी तेवढ्याच, पन्नास.