नंदीदुर्गाच्या पायथ्याची लाल वाईन



फौजी माणूस म्हटला की लोकांना रम आठवते. माझंही तसंच होतं. निवृत्तीनंतर मारतहळ्ळीत घर केलं, तेव्हा एक जुना मित्र ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ घेऊन आला. कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन द्राक्षांचं मिश्रण. द्राक्षं नंदी हिल्सची, म्हणाला. मी हसलो. नंदी म्हणजे टिपूचा किल्ला, तिथे कसली वाईन! पुढच्याच रविवारी त्याने मला देवनहळ्ळीमार्गे नंदीला नेलं.

किल्ला पाहिला की फौजी नजरेला पहिल्यांदा दिसतो तो कडा. नंदीची उंची १४७८ मीटर, बाजू सरळसोट ग्रॅनाइटच्या. ऑक्टोबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने रात्री हल्ला करून तो घेतला. त्या युद्धात आपले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्याच बाजूने टिपूशी लढत होते, हे आपण सहसा विसरतो. पुढे म्हैसूरचे कमिशनर मार्क कब्बन यांनी इथल्या थंडाव्यासाठी वर बंगला बांधला.

टिपूला कडा हवा होता, कब्बनना गारवा. मुंबईचे उद्योजक कंवल ग्रोव्हर यांनाही गारवाच हवा होता, पण द्राक्षांसाठी. शँपेन भागातले तज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांना बरोबर घेऊन त्यांनी देशभर जागा शोधल्या आणि १९८८ च्या सुमारास नंदीच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरकडे, मळा धरला. १९९० च्या दशकात बोर्दोचे मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून आले.

बोर्दो ४५ अक्षांशावर, नंदी १३ वर. तिथे हिवाळ्यात वेल झोपते, इथे झोपतच नाही. म्हणून आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारासारखं इथेही वर्षात दोनदा छाटायचं आणि पीक एकदाच घ्यायचं. पायथ्याची उंची सुमारे ९०० मीटर. रात्री गार असतात, त्यामुळे द्राक्षात साखर भरली तरी आंबटपणा टिकतो. तो गेला की वाईन पचपचीत लागते.

आता मिश्रणाचं. बोर्दोत कॅबरनेचा जोडीदार मर्लो. कॅबरने-शिराझ ही जोडी नावारूपाला आणली ऑस्ट्रेलियाने. पण एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारीही आपल्या वाईनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली शिराझ घालून तिला ताकद देत. कॅबरने कणा देते, शिराझ अंग भरते. म्हणजे ‘अस्सल फ्रेंच’ म्हणून मी जिचं कौतुक करायचो, तीही कधीकाळी मिसळलेलीच होती.

२०१२ मध्ये ही कंपनी नाशिक भागातल्या ‘व्हॅले द व्हँ’शी एकत्र येऊन ग्रोव्हर झाम्पा झाली. सह्याद्री आणि नंदी एका घरात आले.

परतताना रस्त्याकडेला एका शेतकऱ्याकडून बेंगलोर ब्लू द्राक्षं घेतली. ही इथली जुनी जात, तिला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या बागेच्या कुंपणापलीकडे प्लॉट आखलेले होते. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ झाला आणि जमिनीचे भाव चढले. “पोरगा म्हणतो, विकू या,” तो म्हणाला. मी काय उत्तर देणार? माझंही घर कुणाच्या तरी शेतावरच उभं आहे.

कडा कुणी विकत नाही. पायथा मात्र विकला जातो, आणि द्राक्षं पायथ्याशीच येतात. नंदीला सूर्योदय बघायला जाल, तेव्हा खालीही एकदा नजर टाका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.