संयुक्त संरक्षण साहित्य कार्यक्रम

संयुक्त संरक्षण साहित्य कार्यक्रम म्हणजे भूदल, नौदल, वायुदल किंवा तटरक्षक दल यांपैकी एकाहून अधिक दलांसाठी एकच शस्त्र, वाहन अथवा प्रणाली विकसित करण्याची, खरेदी करण्याची आणि सेवेत ठेवण्याची एकत्रित व्यवस्था होय. भारतात ब्रह्मोस क्षेपणास्त्र आणि ध्रुव हेलिकॉप्टर ही या व्यवस्थेची ठळक उदाहरणे आहेत. त्यांच्याशी संबंधित महत्त्वाची कामे महाराष्ट्रातील नाशिक व मुंबई येथे झाली आहेत.

स्वरूप

संशोधनाचा व चाचण्यांचा खर्च विभागला जाणे, मोठ्या संख्येमुळे प्रतिनगाची किंमत कमी होणे आणि सुटे भाग, प्रशिक्षण व दुरुस्ती यांत समानता येणे हे अशा कार्यक्रमांचे अपेक्षित लाभ आहेत. मात्र प्रत्येक दलाची कार्यपरिस्थिती वेगळी असते. नौदलाच्या साहित्याला खारी हवा सोसावी लागते व जहाजावरील अपुऱ्या जागेत मावावे लागते. भूदलाला तेच साहित्य वाळवंटात आणि उंच पर्वतांत वापरावे लागते. त्यामुळे कोणता भाग सर्वांसाठी समान ठेवायचा आणि कोणता दलानुसार बदलायचा, हा व्यवस्थापनातील मूलभूत निर्णय ठरतो. तो आराखड्याच्या टप्प्यावर न झाल्यास पुढील प्रत्येक बदल खर्चिक होतो.

भारतातील यंत्रणा

१९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संरक्षण व्यवस्थेचा आढावा घेतला. त्यानंतर झालेल्या सुधारणांतून २००१ मध्ये 'इंटिग्रेटेड डिफेन्स स्टाफ' हे तिन्ही दलांचे एकात्मिक मुख्यालय आणि संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण अधिग्रहण परिषद स्थापन झाली. एकाहून अधिक दलांना लागणाऱ्या साहित्यासाठी संयुक्त गुणात्मक आवश्यकता निश्चित केल्या जातात. साहित्याने कोणती कामे, कोणत्या हवामानात व किती अचूकतेने करावीत, हे त्यात नमूद असते. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी पहिले संरक्षण दलप्रमुख म्हणून सूत्रे स्वीकारली आणि संरक्षण मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग निर्माण झाला. खरेदी व रसद यांत तिन्ही दलांचा समन्वय साधणे हे या विभागाच्या जबाबदाऱ्यांपैकी एक आहे.

ब्रह्मोस

भारत व रशिया यांच्यात १९९८ मध्ये झालेल्या करारातून ब्रह्मोस हा संयुक्त उपक्रम उभा राहिला. क्षेपणास्त्राची पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी ओडिशातील चांदीपूर येथे झाली. जहाजावरील व जमिनीवरील आवृत्त्यांचे वजन सुमारे तीन टन आहे. विमानातून डागताना क्षेपणास्त्राला मुळातच वेग व उंची मिळत असल्याने हवाई आवृत्तीचा आरंभिक प्रवर्तक लहान करण्यात आला आणि तिचे वजन सुमारे अडीच टनांवर आणले गेले. क्षेपणास्त्राचा गाभा मात्र समान राहिला.

सुखोई-३० एमकेआय विमानात त्यासाठी आवश्यक बदल हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागाने केले. विमानाच्या पोटाखालील भाग मजबूत करणे व तेथे प्रक्षेपक बसवणे ही कामे त्यात होती. २५ जून २०१६ रोजी अशा विमानाने ब्रह्मोससह नाशिक येथून पहिले उड्डाण केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरात हवेतून पहिले यशस्वी प्रक्षेपण झाले. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या कोलकाता वर्गातील विनाशिकांवर हेच क्षेपणास्त्र उभ्या प्रक्षेपकांतून डागण्याची सोय आहे.

ध्रुव हेलिकॉप्टर

ध्रुवचे पहिले उड्डाण १९९२ मध्ये झाले आणि २००२ पासून ते सेवेत आले. भूदल व वायुदलाच्या आवृत्त्यांना उतरण्यासाठी धातूच्या पट्ट्या, तर नौदल व तटरक्षक दलाच्या आवृत्त्यांना चाके आहेत. युद्धनौकेच्या हँगरमध्ये मावण्याइतकी पाती दुमडणे ही नौदलाची गरज मूळ रचनेतून समाधानकारकपणे भागली नाही. त्यामुळे नौदलाला ध्रुवचा उपयोग मुख्यतः किनाऱ्यावरील तळांवरून करावा लागला.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर चारही दलांतील सुमारे ३३० हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबवण्यात आली. भूदल व वायुदलाच्या ताफ्यांना सुमारे चार महिन्यांनी परवानगी मिळाली, तर सागरी आवृत्त्यांना त्याहून अधिक काळ थांबावे लागले. सियाचीनसारख्या दुर्गम भागांतील पुरवठा व जखमींची ने-आण यांसाठी ध्रुववर अवलंबून असलेल्या दलांना या काळात पर्यायी हेलिकॉप्टरे वापरावी लागली. समान साहित्यातील एका शंकास्पद भागामुळे सर्व दलांची क्षमता एकाच वेळी घटू शकते, हे या घटनेतून दिसून आले.

संयुक्त रसद

साहित्य सेवेत आल्यानंतर त्याचा पुरवठाही एकत्र करण्याचा प्रयत्न सुरू आहे. १ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत संयुक्त रसद केंद्र कार्यान्वित झाले. त्याआधी गुवाहाटी व पोर्ट ब्लेअर येथे अशी केंद्रे सुरू झाली होती. लहान शस्त्रांचा दारूगोळा, शिधा, इंधन आणि सुटे भाग यांचा तिन्ही दलांना एकत्रित पुरवठा करणे हा त्यांचा उद्देश आहे.

मर्यादा

अमेरिकेत १९६० च्या दशकात वायुदल व नौदलासाठी एफ-१११ हे समान विमान विकसित करण्यात आले. विमानवाहू जहाजासाठी ते अति जड ठरल्याने नौदलाची आवृत्ती १९६८ मध्ये रद्द झाली. रँड या संशोधन संस्थेच्या २०१३ मधील अभ्यासानुसार संयुक्त लढाऊ विमान कार्यक्रमांतून स्वतंत्र कार्यक्रमांच्या तुलनेत अपेक्षित बचत झाली नाही. क्षेपणास्त्रे, दारूगोळा, संपर्क साधने व इंधन यांत समानता राखणे तुलनेने सोपे असते. ज्या साहित्याचा आकार व रचना तळाच्या स्वरूपावर अवलंबून असते, तेथे प्रत्येक दलाची अट पूर्ण करताना वजन, किंमत व विलंब वाढतात.

हेही पहा

ब्रह्मोस क्षेपणास्त्र
हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड
माझगाव डॉक
संरक्षण दलप्रमुख