हळदीकुंकू, कुवेतमधील

हळदीकुंकू, कुवेतमधील : कुवेतमध्ये नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील बायका आपापल्या घरी सवाष्णींना बोलावून करतात तो समारंभ. आलेल्या बाईला हळद आणि कुंकू लावावे, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटी, वाण आणि काही खायला, हे त्याचे मूळ रूप तिथे जसेच्या तसे टिकले आहे. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू सर्वांत मोठे. त्याखालोखाल चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे चैत्रगौरीचे. नवरात्र, गौरी आणि श्रावणातले शुक्रवार या निमित्तांनीही ते होते.

हा समारंभ तिथे सहज रुजला, कारण त्याला देऊळ लागत नाही आणि भटजीही लागत नाही. कुवेतच्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे. मात्र हिंदूंची अधिकृत देवळे त्या देशात नाहीत, पूजाअर्चा घरातच चालते. देवळाच्या उत्सवाला किंवा पालखीला अशा ठिकाणी वाट सापडत नाही. हळदीकुंकू मुळातच घरचे. त्याला मंत्र नाही, मुहूर्ताची सक्ती नाही. यजमानीण, करंडा आणि चार बायका एवढ्यावर ते पूर्ण होते. परदेशी गेलेल्या मराठी बाईने इतर अनेक रीती सोडल्या किंवा आटोपशीर केल्या, पण ही सोडली नाही, त्याचे मोठे कारण हेच असावे.

मुंबई आणि कुवेत यांचा संबंध तेलाच्या आधीचा आहे. कुवेतची गलबते खजूर आणि मोती घेऊन मुंबईला येत, कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, आणि १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपया चाले. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागले, १९४६ मध्ये त्याची पहिली निर्यात झाली, आणि पुढच्या दशकांत भारतातून कारकून, अभियंते, तंत्रज्ञ तिकडे जाऊ लागले. मागोमाग कुटुंबे गेली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने आक्रमण केले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना बाहेर पडावे लागले. त्यांतले बहुतेक अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत उतरले. मांडलेले संसार तसेच टाकून आलेली ती घरे होती. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाल्यावर भारतीय वस्ती पुन्हा भरत गेली. आज सालमिया, फरवानिया, अब्बासिया, मंगाफ, फहाहील या भागांतल्या इमारतींत मराठी कुटुंबे राहतात. ‘महाराष्ट्र मंडळ, कुवेत’ ही त्यांची संस्था आहे. मात्र मंडळाचा सभागृहातला कार्यक्रम आणि घरचे हळदीकुंकू यांत फरक आहे आणि तो राहावा. सभागृहात बाई प्रेक्षक असते, घरी ती पाहुणी असते.

कुवेतमधल्या हळदीकुंकवाचे दिवस पंचांगाइतकेच हवामान आणि शाळा ठरवतात. जानेवारीत तिथे थंडी असते, संध्याकाळी शालही लागते, म्हणून संक्रांतीचे हळदीकुंकू भरगच्च होते. चैत्रात हवा अजून सोसण्याजोगी असते. श्रावण मात्र ऐन उन्हाळ्यात येतो. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. शाळांना सुटी, कुटुंबे गावी गेलेली, त्यामुळे जिवतीच्या शुक्रवारी सवाष्ण मिळणे कठीण होते.

वार मात्र फार चांगला जुळतो. कुवेतची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते (सप्टेंबर २००७ पासून शुक्रवार-शनिवार, त्याआधी गुरुवार-शुक्रवार), आणि देवीचा वार म्हणून हळदीकुंकवालाही शुक्रवारच धरतात. पुण्यामुंबईच्या नोकरदार बाईला शुक्रवार साधत नाही, तिला रविवारावर भागवावे लागते. कुवेतमधल्या बाईला तो आपसूक मिळतो. सुटीच्या दिवशी करण्याला आणखी एक कारण आहे. परदेशी रहिवाशांच्या वाहन परवान्याला पगार, शिक्षण आणि वास्तव्याच्या अटी असल्याने बऱ्याच गृहिणी स्वतः गाडी चालवत नाहीत. नवरा सोडणार आणि नेणार. म्हणून ‘शुक्रवारी पाच ते आठ, हळदीकुंकवाला यायचं हं’ असा निरोप व्हॉट्सॲपवर जातो, आणि त्या वेळात घरची पुरुषमंडळी मुलांना घेऊन खाली बागेत किंवा दुसऱ्या कुणाच्या घरी थांबतात.

सामानापैकी हळद, कुंकू, तीळ, गूळ, नारळ, विड्याची पाने, कैरी हे सारे भारतीय किराणा दुकानांत मिळते. अत्तर आणि गुलाबपाणी यांची तर तिथे उणीव असण्याचा प्रश्नच नाही. मुबारकियाच्या जुन्या बाजारात अत्तर, ऊद, केशर यांची दुकाने आहेत, आणि पाहुण्यावर गुलाबपाणी शिंपडण्याची, त्याच्यापुढे धूप धरण्याची रीत कुवेती घरांतही आहे. त्यांचा ‘मरश’ आणि आपली गुलाबदाणी शेजारी ठेवली तर घडण सारखीच दिसते. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलांचे बोरन्हाण करतात, त्याला लागणारे बोरही परके नाही. सिद्राचे झाड तिथल्या घरांच्या आवारात असते आणि त्याच्या फळाला कुवेती लोक ‘कनार’ म्हणतात. लहान मुलांना सुका मेवा आणि गोळ्या वाटण्याचा त्यांचा ‘गिरगियान’ हा सण रमजानच्या मध्यावर येतो. बोरन्हाणात मुलांनी खाऊ लुटण्याच्या हौसेशी त्याचे नाते पाहणाऱ्याला लगेच जाणवते.

गावाहून आणावी लागतात ती सुगडे, हलव्याचे दागिने, खण आणि पुष्कळदा वाणही. उन्हाळ्याच्या सुटीत तुळशीबागेत किंवा दादरला खरेदी करताना जानेवारीचे वाण डोक्यात असते, आणि विमानाच्या वजनमर्यादेत बसेल असेच ते निवडले जाते : कापडी पिशवी, चांदीचा मुलामा दिलेला करंडा, छोटी वाटी. तिथेच घेणाऱ्या बायका शंभर फिल्सच्या दुकानांतून डबे, चमचे, बरण्या आणतात. वाण मोठे असावे ही चढाओढ कुवेतमध्येही पोचली आहे. ती थांबलेली बरी, कारण नव्याने आलेल्या मुलीला तिचा धसका बसतो आणि ती बोलवायचेच टाळते.

बोलावण्यात मराठीपणाची भिंत नसते. कानडी बायकांना अरिशिण-कुंकुम, तेलुगू बायकांना पसुपु-कुंकुमा घरचेच असते. तमिळ शेजारीण नवरात्रात आपल्या बाहुल्यांच्या गोलूला बोलावते, तिला संक्रांतीला उलट आमंत्रण जाते. शेजारच्या इजिप्शियन किंवा सीरियन बाईला बोलावले तर कुंकू लावण्याआधी विचारावे. अत्तर, गुलाबपाणी आणि तिळगूळ यांना कुणाचीच हरकत नसते.

या समारंभाचे खरे काम सामाजिक आहे. कुवेतमध्ये कुटुंब आणण्यासाठी पगाराची किमान अट आहे, जानेवारी २०२४ मध्ये ती ८०० दिनार झाली. ज्यांचा पगार कमी त्यांच्या बायका गावीच राहतात. ज्या येतात त्यांतल्या पुष्कळ जणी भारतातली नोकरी सोडून, बंद फ्लॅटमध्ये, ओळखीपाळखीविना दिवस काढतात. बाळंतपणाला डॉक्टर कोणती, शाळेचा प्रवेश कधी, डबे कोण देते, ही माहिती त्यांना हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या काकूंकडून मिळते. तिळगुळाबरोबर दूरध्वनी क्रमांकांची देवाणघेवाण होते आणि तीच अडीअडचणीला उपयोगी पडते.

एक उणीव मात्र गावाहून तशीच सोबत आली आहे. नातवंडाच्या जन्मासाठी व्हिजिट व्हिसावर विधवा आई किंवा सासू आलेली असते. दोन खोल्यांच्या घरात हळदीकुंकवाच्या संध्याकाळी तिने बसायचे कुठे? तिने पहाटे उठून तिळाच्या वड्या थापायच्या आणि बायका आल्या की आतल्या खोलीत दार लोटून बसायचे, हे कोणत्याही शास्त्राच्या नावाने समर्थनीय नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. हेरवाडसारख्या एका गावाला जे जमले ते कुवेतमधल्या शिकलेल्या घरांना अवघड नसावे. घटस्फोटित, अविवाहित, नवऱ्यावाचून एकटी राहून नोकरी करणारी, सर्वांना एकच आमंत्रण जावे. ज्या यजमानिणी असे करतात त्यांच्या घरचे हळदीकुंकू काही उणे होत नाही.

रमजानचा मेळ घालणे हा कुवेतमधल्या यजमानिणीचा खास प्रश्न. १९६८ च्या कायद्याने रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाण्यापिण्यास बंदी आहे. घरात ती लागू नाही, पण लिफ्टमध्ये, जिन्यात, गाडीत हातातला प्रसाद तोंडात टाकता येत नाही, आणि इफ्तारच्या आधी रस्ते तुंबलेले असतात. २०२२ मध्ये गुढीपाडवा आणि पहिला रोजा एकाच दिवशी, २ एप्रिलला आले. चैत्रगौरीचा जवळजवळ सगळा काळ रमजानात गेला. २ मे रोजी ईद झाली आणि ३ मे रोजी अक्षय्य तृतीया. २०२५ मध्ये ३० मार्च रोजी पाडवा आणि ईद एकाच दिवशी होते. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते आणि त्याला अधिक महिना नाही, त्यामुळे २०२९ मध्ये रमजान जानेवारीच्या मध्याला येईल आणि संक्रांत ते रथसप्तमी हा काळ जवळजवळ पूर्ण त्यात पडेल. त्या वर्षी आमंत्रण रात्री आठनंतरचे द्यावे. दिवसा बोलावलेच तर आलेल्या बाईला वाणाबरोबर तिळगुळाची पुडी बांधून द्यावी आणि ती तिने घरी जाऊन उघडावी.