गुणवत्तेवर संशय कुणाच्या? गारफिल्ड हायस्कूल, १९८२

मे १९८२. ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमधली १८ मुलं-मुली कॅल्क्युलसच्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेला बसली. शाळेत असतानाच कॉलेजच्या दर्जाचं गणित येतं, याचा हा दाखला. बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली. अठराच्या अठरा पास झाली आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यातल्या १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला.

उत्तरांत सारख्याच चुका आहेत, हे संस्थेचं कारण. आडनावं आणि शाळेचा पत्ता पाहूनच संशय आला, असं त्यांचे शिक्षक हायमे एस्कलांते यांचं मत. पुढे पत्रकार जे मॅथ्यूज यांनी काही उत्तरपत्रिका तपासल्या, तेव्हा सहाव्या प्रश्नात नऊ जणांची एकच चूक सापडली. एक चिठ्ठी फिरली होती, असं दोघांनी त्यांना सांगितलंही. हे लपवायचं कारण नाही. पण ऑगस्टमध्ये १४ पैकी १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही पास झाले. चिठ्ठीवरचं उत्तर तर चुकीचंच होतं! तेवढ्यावर कुणाला कॅल्क्युलस येतं का?

१९८८ च्या 'स्टँड अँड डिलिव्हर' सिनेमाने यातून एका गुरूचा चमत्कार उभा केला. व्यवस्थेला असे चमत्कार फार आवडतात, कारण त्यांना बजेट लागत नाही. खरा इतिहास वेगळा आहे. मार्च १९६८ मध्ये याच गारफिल्डसह ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांतले हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर उतरले होते. आम्हाला कॉलेजच्या वाटेवरून हटवून हातकामाच्या अभ्यासक्रमात ढकललं जातं, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. एस्कलांते शाळेत आले ते १९७४ मध्ये, म्हणजे या उठावानंतर सहा वर्षांनी. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग १९७८ चा.

मधल्या काळात काय झालं? बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती. ज्याला बीजगणितच मिळालं नाही, त्याच्यापुढे बदलाचा दर काढायचं गणित ठेवून त्याची 'बुद्धिमत्ता' मोजणं ही शुद्ध लबाडी आहे. एस्कलांतेंनी ही साखळी खालच्या वर्गांपासून जोडत आणली, उन्हाळी वर्ग चालवले, सोबतीला दुसरे शिक्षक उभे केले. मुख्याध्यापक हेन्री ग्राडिलास पाठीशी राहिले. सिनेमाच्या पोस्टरवर यातलं काही मावत नाही.

१९८७ मध्ये कॅल्क्युलसच्या पहिल्या पातळीत ७३ आणि पुढच्या पातळीत १२ विद्यार्थी पास झाले. त्याच वर्षी ग्राडिलास यांनी शाळा सोडली. वर्गात मुलं फार झाली म्हणून शिक्षक संघटनेशी खटके उडत होतेच. १९९१ मध्ये एस्कलांतेही गेले. वस्ती तीच, मुलं त्याच घरांतली. १९९६ मध्ये पहिल्या पातळीत पास झाले फक्त सात.